डबा का पुरला?

रेल्वेचा अपघात झाला की आपण पहिल्यांदा आकडा विचारतो. किती गेले? मग विचारतो, चूक कोणाची? चीनमधल्या वेनझोऊ शहराजवळ २३ जुलै २०११ रोजी रात्री दोन वेगवान गाड्यांची टक्कर झाली, तेव्हा तिथल्या लोकांनीही हे दोन प्रश्न विचारले. पण त्यांना पुढे कित्येक दिवस झोपू दिलं नाही ते तिसऱ्याच एका प्रश्नानं. तो प्रश्न होता, डबा का पुरला?

हा प्रश्न समजून घ्यायचा तर त्या रात्रीचा क्रम आधी पाहायला हवा.

वेनझोऊ हे चीनच्या पूर्व किनाऱ्यावरचं, झेजियांग प्रांतातलं व्यापारी शहर. डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात वसलेलं. बटणं, चपला, चष्मे, लायटर असा छोटा-मोठा माल घराघरांतल्या कारखान्यांत तयार करायचा आणि जगभर विकायचा, ही इथल्या लोकांची ख्याती. सरकार आपल्यासाठी काही करील याची वाट न पाहणारी ही माणसं. १९९८ पर्यंत तर या शहराला रेल्वेच नव्हती. २००९ च्या सप्टेंबरात किनाऱ्याच्या कडेनं नवा वेगवान मार्ग सुरू झाला, त्याचं लोकांना कौतुक होतं.

त्या शनिवारी संध्याकाळी जोराचा पाऊस आणि विजांचा कडकडाट सुरू होता. हांगझोऊहून फुझोऊला निघालेली डी ३११५ ही गाडी वेनझोऊच्या अलीकडे एका उंच पुलावर अचानक थांबली. मागून बीजिंगहून फुझोऊला जाणारी डी ३०१ येत होती. साडेआठच्या सुमारास ती पुढच्या गाडीवर आदळली. मागच्या गाडीचे पुढचे डबे पुलावरून खाली कोसळले, एक डबा तर पुलाला टेकून उभा लोंबकळत राहिला. ४० माणसं मृत्युमुखी पडली, १७२ जखमी झाली.

पहिल्यांदा धावून आले ते आसपासचे रहिवासी. त्यांत पोटापाण्यासाठी परगावाहून आलेले मजूर पुष्कळ होते. पुलाखालच्या चिखलात उतरून, हाताला लागेल ते घेऊन त्यांनी माणसं बाहेर काढली. त्याच रात्री शहरातल्या रक्तपेढ्यांपुढे रांगा लागल्या. शेकडो लोक रक्त द्यायला आले होते. ही बातमी त्यांना इतक्या लवकर पोचवली ती ना आकाशवाणीनं, ना दूरचित्रवाणीनं. ती पोचवली वेइबोनं.

वेइबो म्हणजे चिनी लोकांचं मोबाइलवरून छोटे संदेश जाहीरपणे पाठवायचं साधन. ते सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. गाडीतल्या प्रवाशांनीच अपघातानंतर काही मिनिटांत अंधारलेल्या डब्यांतून संदेश पाठवले: गाडी धडकली आहे, दिवे गेले आहेत, मदत पाठवा. हे संदेश एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं दहांना असे करत लाखो लोकांपर्यंत गेले. म्हणजे पहिली बातमी डब्याच्या आतून आली. पुढे जे घडलं ते बरंचसं या एका गोष्टीमुळे घडलं.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, त्याच मोबाइलवर लोकांनी वेगळंच दृश्य पाहिलं. पुलाखाली जेसीबीसारखी यंत्रं खड्डे खणत होती आणि चेंदामेंदा झालेल्या इंजिनाच्या डब्याचे भाग त्या खड्ड्यांत ढकलून वर माती लोटत होती. अपघाताला अजून चोवीस तासही झाले नव्हते. चौकशी सुरू व्हायची होती. ज्या डब्यात अपघाताचा पुरावा असायचा, तो डबाच जमिनीत चालला होता.

आपल्याकडे साधा ट्रक उलटला तरी पंचनामा होईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. इथे तर सबंध देशाचा अभिमान ठरलेल्या गाड्यांची टक्कर झालेली. लोकांना वाटलं, हे लपवताहेत. आणि एकदा माणसाला असं वाटलं, की मग पुढचं प्रत्येक वाक्य तो त्याच संशयानं ऐकतो.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या पुढे आणखी एक घटना घडली. अवशेषांत जिवंत माणसाची चाहूल नाही, असं तोवर जाहीर झालं होतं. लोंबकळणारा डबा खाली उतरवून साफसफाई करण्याची घाई चालली होती. पोलिसांच्या विशेष पथकाच्या एका प्रमुखानं मात्र डबा तसाच ओढून काढायला नकार दिला. जागेवरच तपासू, असा त्यानं आग्रह धरला. आणि तिथे दोन वर्षांची एक मुलगी जिवंत सापडली, अपघातानंतर सुमारे एकवीस तासांनी. तिचे आईवडील दोघेही त्या अपघातात गेले होते.

या बातमीनं सगळ्या देशाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पाठोपाठ अंगावर काटाही आला. त्या अधिकाऱ्यानं ऐकलं असतं तर?

त्या रात्री रेल्वे मंत्रालयाचे प्रवक्ते वांग योंगपिंग यांनी वेनझोऊत पत्रकार परिषद घेतली. खोलीत खच्चून गर्दी, पत्रकार चिडलेले, काही जण उभे राहून ओरडत होते. डबा का पुरला, या प्रश्नावर वांग म्हणाले, की खाली चिखलाचं डबकं होतं, बचावयंत्रांना उभं राहायला घट्ट जमीन हवी होती, म्हणून तो भाग तिथे ढकलून माती टाकली असं मला जागेवरच्या लोकांनी सांगितलं. आणि मग त्यांनी जोडलं: तुम्ही मानता की नाही ते तुमचं तुम्ही पाहा, मी मात्र मानतो. शोध थांबवल्यावर मुलगी जिवंत कशी सापडली, याचं त्यांनी दिलेलं उत्तर एवढंच होतं, की हा चमत्कार आहे.

श्रोतेहो, वांग यांच्याबद्दल मला थोडी सहानुभूती वाटते. ते स्वतः काही पुरायला गेले नव्हते. विमानातून उतरून थेट त्या खोलीत आले होते, आणि वरिष्ठांनी जे हाती दिलं ते त्यांनी वाचलं. पण त्या दोन वाक्यांचं पुढे जे झालं ते पाहण्यासारखं आहे. दुसऱ्या दिवसापासून चिनी तरुणांनी त्या वाक्याचा साचाच करून टाकला. दुधात भेसळ नाही म्हणतात, तुम्ही मानता की नाही ते तुमचं, मी मात्र मानतो. घरांच्या किमती उतरल्या म्हणतात, तुम्ही मानता की नाही ते तुमचं, मी मात्र मानतो. अशी शेकडो वाक्यं तयार झाली आणि या शैलीला लोकांनी ‘वेगवान रेल्वेची भाषा’ असं नावही ठेवलं. जिथे उघड टीका करणं अवघड असतं, तिथे लोक सरकारचंच वाक्य उचलून सरकारपुढे धरतात. त्याला बंदी कशी घालणार? वांग यांना ऑगस्टच्या मध्यावर प्रवक्तेपदावरून हलवण्यात आलं.

आता लोकांचा राग एवढा का भडकला, याकडे येऊ. नुसती माणसं गेली म्हणून, असं उत्तर पुरेसं नाही. याला एक कटू पुरावा आहे. वेनझोऊच्या अपघाताच्या आदल्याच दिवशी, २२ जुलैला, हेनान प्रांतात शिनयांगजवळ महामार्गावर एका स्लीपर बसला आग लागली आणि ४१ माणसं जळून मेली. म्हणजे वेनझोऊपेक्षा एक जास्त. ती बस आज फारशी कोणाला आठवत नाही. त्या काळात चीनच्या कोळसा खाणींत दरवर्षी हजारो मजूर मरत असत. २०१० साली, म्हणजे परिस्थिती पुष्कळ सुधारल्यावरही, अधिकृत आकडा २,४०० च्या वर होता. खाणींतल्या त्या मृत्यूंवर एवढा देशव्यापी संताप कधी उसळला नाही.

फरक असा, की खाणीतल्या मजुराच्या हातात वेइबो नव्हतं आणि वेइबो वापरणारा कधी खाणीत उतरत नव्हता. या वेगवान गाडीतून मात्र तोच प्रवास करत होता. शिकलेला, शहरात नोकरी करणारा, महागडं तिकीट काढून सुट्टीला गावी जाणारा माणूस. त्या डब्यात आपणही असू शकलो असतो, हे त्याला कळलं. दुसऱ्याच्या दुःखानं हळहळणं निराळं आणि आपल्याच आसनाचा क्रमांक डोळ्यांपुढे येणं निराळं. हे काही फार उदात्त नाही, पण ते तसं आहे. चिनी लेखकांपैकीही काहींनी हे तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं.

दुसरं कारण त्या गाड्यांभोवतीच्या डामडौलात होतं. अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी, ३० जून २०११ रोजी, बीजिंग-शांघाय वेगवान मार्ग मोठ्या थाटात सुरू झाला होता. कम्युनिस्ट पक्षाच्या नव्वदाव्या वर्धापन दिनाच्या आदल्या दिवशी. मुहूर्त योगायोगाचा नव्हता. काही वर्षांतच चीननं जगातलं सर्वांत मोठं वेगवान रेल्वेचं जाळं उभारलं होतं. जपान-जर्मनीकडून तंत्रज्ञान घेतलं आणि आता ते आमचं आहे, असं सांगायला सुरुवात झाली होती. आणि हे सगळं ज्यांच्या कारकिर्दीत झालं ते रेल्वेमंत्री लिऊ झिजुन फेब्रुवारीतच भ्रष्टाचाराच्या आरोपावरून घरी गेले होते. त्यांचे उजवे हात समजले जाणारे उपमुख्य अभियंता झांग शुग्वांग यांचीही तीच गत झाली होती. लोकांच्या मनात पाल चुकचुकली होती ती तेव्हाच. अपघातानं ती खरी करून दाखवली.

सरकारी दूरचित्रवाणीवरचे निवेदक चिउ चिमिंग यांनी त्या आठवड्यात बातम्या देता देताच जे विचारलं, त्यानं लोक थक्क झाले. आपल्याला सुरक्षित असा एक ग्लास दूध मिळेल का? न कोसळणारं घर मिळेल का? न खचणारा रस्ता मिळेल का? २००८ साली दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळल्यामुळे लहान मुलं मेली होती, त्याच वर्षी सिचुआनच्या भूकंपात शाळांच्या इमारती पत्त्यांसारख्या पडल्या होत्या. हे सगळं ऐकणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. हे देशा, जरा सावकाश चल, मागे राहिलेल्या माणसांसाठी थांब, अशा अर्थाचं एक आवाहनही त्या दिवसांत लाखो लोकांनी एकमेकांना पाठवलं.

मार्ग मात्र थांबला नाही. अपघातानंतर दीड दिवसातच त्या पुलावरून गाड्या पुन्हा धावू लागल्या. मृतांच्या नातेवाइकांना नुकसानभरपाई म्हणून आधी पाच लाख युआन देऊ केले. लवकर सही कराल तर जादा रक्कम, अशीही त्यात तरतूद होती. माणसाच्या जिवावर हप्त्याची सवलत, अशी त्यावर चीड उसळली. शंभरेक नातेवाइकांनी वेनझोऊच्या दक्षिण स्थानकावर निदर्शनं केली. आकडा मग वाढवून नऊ लाख पंधरा हजार करण्यात आला. पुरलेले भाग उकरून काढून जवळच्या स्थानकात तपासणीसाठी नेण्यात आले. २८ जुलैला पंतप्रधान वेन जियाबाओ पुलाखाली आले, फुलं वाहिली, पत्रकारांशी बोलले. यायला उशीर का झाला, तर मी अकरा दिवस अंथरुणाला खिळलो होतो, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी लगेच त्याच दिवसांतले त्यांच्या भेटीगाठींचे फोटो शोधून काढले. ते खरोखर आजारी असतीलही. पण आता कोणाचं काहीच खरं मानायचं नाही, इथवर गोष्ट आली होती.

अविश्वास हा काही चाळणी लावून येत नाही. त्या दिवसांत खोट्या गोष्टीही तितक्याच वेगानं पसरल्या. मृतांचा आकडा दुसऱ्या दिवशी ३५ वर थांबल्यासारखा दिसला. लगेच अफवा उठली, की ३५ च्या वर माणसं मेली तर शहराच्या पक्षसचिवाला पद सोडावं लागतं, म्हणून आकडा अडवला आहे. असा काही नियम नव्हता, आणि आकडा पुढे ३९, ४० असा वाढलाही. डब्यांबरोबर प्रेतंही पुरली, असंही बोललं गेलं. त्यालाही पुरावा मिळाला नाही. पण ज्यांनी दिवसाढवळ्या डबा पुरला त्यांनी ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ म्हणून सांगावं, याला किती अर्थ राहतो?

वर्तमानपत्रांची गोष्ट तर स्वतंत्र सांगण्यासारखी आहे. अपघात झाल्याबरोबर प्रचार विभागाच्या सूचना निघाल्या होत्या: कारणांच्या खोलात जाऊ नका, लोकांच्या मदतीच्या, मायेच्या गोष्टी छापा. कितीतरी संपादकांनी त्या सरळ बाजूला ठेवल्या. चिनी रिवाजात मृत्यूचा सातवा दिवस महत्त्वाचा असतो, आपल्याकडे दहावा-तेरावा असतो तसा. त्या दिवसासाठी अनेक दैनिकांनी पानंच्या पानं तयार केली होती. २९ जुलैच्या रात्री कडक हुकूम आला आणि छपाईला निघालेली पानं काढून टाकावी लागली. उपसंपादकांनी रात्री दोन-तीन वाजता दुसरा मजकूर भरला, आणि रद्द झालेली पानं दुःखानं वेइबोवर टाकली. न छापलेलं पान छापलेल्यापेक्षा जास्त वाचलं गेलं! बीजिंगच्या ‘इकॉनॉमिक ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकानं मात्र हुकूम येऊनही आपली आठ-नऊ पानं काढली. वांग यांच्या ‘चमत्कारा’ला उत्तर म्हणून त्यांनी मथळा दिला होता, वेनझोऊत चमत्कार झाला नाही.

आता तांत्रिक बाजू. ती थोडी सविस्तर सांगतो, कारण लोकांचा राग नेमका कशावर होता ते तिच्यातूनच उलगडतं.

जुन्या सिग्नलचा आडवा हात तुम्हांपैकी अनेकांनी पाहिला असेल. गाडी यायची झाली की तो हात खाली झुके आणि स्टेशनावरची माणसं म्हणत, सिग्नल पडला. या हातामागे एक वजन बांधलेलं असे. समजा, केबिनपासून आलेली तार मध्येच तुटली, तर काय व्हावं? वजनामुळे हात आपोआप आडवा होई, म्हणजे ‘थांबा’ सांगे. रेल्वेच्या सुरक्षेचं सगळं शास्त्र या एका कल्पनेवर उभं आहे. बिघाड झाला तर यंत्रानं ‘मला माहीत नाही, तेव्हा थांबा’ असं म्हणावं. गाडी उशिरा पोचेल, पण पोचेल. विजेच्या सिग्नलातही हेच तत्त्व. रुळांतून सौम्य प्रवाह सोडलेला असतो, चाकं आली की तो मधेच वळतो, आणि यंत्र समजतं की इथे गाडी आहे. प्रवाह बंद पडला तरी यंत्रानं ‘गाडी आहे’ असंच धरायचं असतं.

वेनझोऊच्या दक्षिण स्थानकातल्या यंत्रात नेमकं उलट झालं. वीज पडून त्यातला एक फ्यूज जळला. रुळांवर काय चाललं आहे ते कळणं बंद झालं. अशा वेळी यंत्रानं लाल व्हायला हवं होतं. ते झालं नाही. फ्यूज जळण्याच्या क्षणाआधी त्याला जे माहीत होतं तेच ते पुढे सांगत राहिलं. फ्यूज जळला त्या क्षणी मार्ग मोकळा होता, म्हणून नंतरही मार्ग मोकळा. त्या मोकळ्या म्हटलेल्या मार्गावर डी ३११५ उभी होती. विजेनं रुळांवरचीही एक यंत्रणा बिघडली होती आणि त्या बिघाडामुळे तिचे ब्रेक आपोआप लागले होते. ती यंत्रणा तिच्या धर्माला जागली. स्थानकातली जागली नाही.

पुढच्या सात-आठ मिनिटांची नोंद वाचताना जीव कासावीस होतो. डी ३११५ चा चालक गाडी हलवायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, नियंत्रण कक्षाशी बोलायचा प्रयत्न करतो, नियंत्रण कक्ष त्याच्याशी बोलायला पाहतो, आणि बहुतेक वेळा संपर्कच होत नाही. ८ वाजून २९ मिनिटांनी गाडी अखेर हलते, अगदी सावकाश. मागून डी ३०१ हिरव्या सिग्नलवर येत असते. टक्कर व्हायच्या अर्धा मिनिट आधी स्थानकातला कर्मचारी डी ३०१ च्या चालकाला सांगू लागतो, की पुढे गाडी आहे, सांभाळा. बोलणं मध्येच तुटतं. डी ३०१ चा चालक ब्रेक लावतो. टकरीच्या वेळी त्याच्या गाडीचा वेग ताशी ९९ किलोमीटर होता, पुढच्या गाडीचा १६. तो चालकही गेला.

म्हणजे पाहा, ‘वेग कमी करा’ ही जी हाक लोकांनी दिली, तिचा या टकरीशी थेट संबंध नव्हता. ताशी ९९ किलोमीटर हा आपल्या साध्या एक्सप्रेसचाही वेग असतो. तरी लोकांचा अंदाज चुकला होता असं मी म्हणणार नाही. घाई गाडीच्या वेगात नव्हती, ती त्याच्या किती तरी आधी, कागदांवर झाली होती. अधिकृत चौकशीचा अहवाल २८ डिसेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात म्हटलं आहे, की त्या यंत्राच्या रचनेतच गंभीर दोष होता, आणि ते रुळांवर आणण्यापूर्वी ज्या तपासण्या व्हायच्या त्या रेल्वे मंत्रालयानं नीट केल्याच नव्हत्या. लिऊ झिजुन आणि झांग शुग्वांग यांच्यासह ५४ जणांवर जबाबदारी ठेवण्यात आली. म्हणजे पहिल्या रात्री सांगितलेलं विजेचं कारण खोटं नव्हतं, अर्धं होतं. वीज पडणं हा निसर्ग. वीज पडल्यावर हिरवा दिवा लागणं हे माणसाचं काम.

त्या अहवालात आणखी एक मुद्दा आहे आणि तो फारसा कोणी लक्षात ठेवला नाही. बचावकार्य नीट हाताळलं नाही, माहिती वेळेवर दिली नाही, लोकांच्या शंकांना अचूक उत्तरं दिली नाहीत, असा ठपकाही मंत्रालयावर ठेवला आहे. डबा पुरण्याबद्दल वेइबोवर जे लिहिलं गेलं, त्याचा सूर सरकारी अहवालात उमटला, फक्त सरकारी भाषेत.

मूळ गोची अशी होती, की गाड्या चालवणारं, त्यांना परवानगी देणारं आणि अपघात झाल्यावर पहिली चौकशी करणारं मंत्रालय एकच होतं. त्याचे पोलीस वेगळे, न्यायालयंसुद्धा वेगळी. गुन्हा घडला तर फिर्यादही घरात आणि निवाडाही घरात. हा प्रश्न चीनपुरता नाही. स्पेनमध्ये २४ जुलै २०१३ रोजी सान्तियागो दे कोम्पोस्तेलाजवळच्या वळणावर गाडी घसरून ८० जण गेले. आंग्रोइस वस्तीतले लोक घरातल्या गोधड्या घेऊन रुळांवर धावले. तिथेही नातेवाईक वर्षानुवर्षं एकच मागत राहिले, की चौकशी स्वतंत्र करा. २०१६ मध्ये युरोपच्या रेल्वे यंत्रणेनंच सांगितलं, की स्पेनची चौकशी पुरेशी स्वतंत्र नव्हती. जर्मनीत एशेडेला १९९८ साली चाक तुटून १०१ माणसं मेली, तिथल्या नातेवाइकांना रेल्वे कंपनीच्या प्रमुखाकडून माफीचे शब्द ऐकायला पंधरा वर्षं लागली. आपल्याकडे अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वेच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं, पण त्यामागचं कारण हेच आहे. २ जून २०२३ च्या बालासोरच्या अपघातात कोरोमंडल एक्सप्रेसला सरळ मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला आणि सांधे मात्र बाजूच्या लूप लाइनकडे वळलेले होते. सिग्नलच्या वायरिंगमधली चूक या आयुक्तांच्या चौकशीत पुढे आली. आणि हो, बालासोरलाही रात्रभर रक्तदात्यांच्या रांगा होत्या.

चीनमध्ये पुढे काय झालं? ऑगस्ट २०११ मध्ये ताशी ३५० चा वेग ३०० वर आणला, ५४ नव्या गाड्या दुरुस्तीसाठी परत घेतल्या, नव्या मार्गांची मंजुरी काही काळ थांबवली. २०१७ मध्ये बीजिंग-शांघाय मार्गावर ३५० चा वेग पुन्हा आला. २०२४ अखेर जाळं ४८ हजार किलोमीटरच्या आसपास पोचलं. २०२२ मध्ये ग्वीझोऊत दरड कोसळून एक गाडी घसरली आणि चालक गेला, पण वेनझोऊएवढा मोठा अपघात त्या मार्गांवर पुन्हा झालेला नाही. लोकांच्या रागाचा त्यात वाटा किती आणि अभियंत्यांचा किती, याची वाटणी करणं अवघड आहे.

वेइबोचं मात्र वेगळं झालं. डिसेंबर २०११ मध्ये बीजिंग शहरानं नियम केला, की तिथे लिहायचं तर खऱ्या नावाची नोंद करावी लागेल. मार्च २०१२ पासून तो लागू झाला. त्यानंतरही लोक लिहीत राहिले, पण जुलै २०११ च्या त्या आठवड्यासारखं मोकळेपण पुन्हा क्वचितच दिसलं.

लिऊ झिजुन यांना २०१३ मध्ये फाशीची स्थगित शिक्षा झाली. आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये रेल्वे मंत्रालयच बरखास्त करण्यात आलं. कारभार परिवहन मंत्रालयाकडे गेला आणि गाड्या चालवण्याचं काम एका नव्या महामंडळाकडे. ही बातमी आली तेव्हा बीजिंगमध्ये मंत्रालयाच्या दारात लोक जमू लागले. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. पाटी उतरण्यापूर्वी तिच्याशेजारी उभं राहून ते फोटो काढून घेत होते.